खुर्चीसमोरची ओळ

माझ्या धाकट्या भावाला हरता येत नाही. लहानपणी पत्त्यांत हरायची वेळ आली की त्याला हटकून लघवीला लागायची, आणि तो परत येईपर्यंत डाव कुठे होता ते कुणालाच आठवायचं नाही. शाळेत उंचीप्रमाणे उभं करायचे तेव्हा हा टाचा वर करायचा. आता केस पिकले, गुडघे कुरकुरतात, तरी खोड जात नाही. मीही काही कमी नाही म्हणा. आमच्या आईचं अर्धं आयुष्य आमची भांडणं सोडवण्यात गेलं, आणि उरलेलं अर्धं ती कुणाच्या बाजूची होती यावर आम्ही अजून भांडतो.

आम्हा दोघांचं मिळून एक पॉलीहाऊस आहे. पांढऱ्या प्लॅस्टिकचं छप्पर, बाजूंना गुंडाळता येणारे पडदे, आणि आत दोरीवर चढवलेल्या काकडीच्या ओळी. त्यातली माती आम्हीच भरली, हातगाडीने, उमेदीच्या वयात. जास्त गाड्या कुणी ओढल्या हा वाद तेव्हापासून चालू आहे. मी ओढल्या.

गेल्या पिकाला ती माती रुसली. दुपार झाली की वेली माना टाकायच्या, संध्याकाळी जरा सावरायच्या, आणि एके दिवशी सावरायच्याच नाहीत. उपटून बघावं तर मुळांना गाठीच गाठी. धाकट्याने खत वाढवलं. मग आणखी वाढवलं. मातीवर पांढरा खार फुटला, पण वेली काही उभ्या राहिल्या नाहीत. अर्ध्याहून जास्त पीक आम्ही आमच्या हातांनी उपटून जाळलं. त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही.

त्यानंतर तो जो गप्प झाला तो एकदम पिशवीवाल्याला घेऊनच आला. पिशवीवाला म्हणजे पॉलीहाऊसमध्ये नारळाच्या भुश्याच्या पिशव्या बसवून देणारा माणूस. मी दारात उभी, आणि हा गृहस्थ आत टेप धरून माझ्या ओळी मोजतोय.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"ताई, माती गेली आपली," धाकटा म्हणाला. "आता हिच्यावर जाड प्लॅस्टिक अंथरायचं, वर पिशव्या ठेवायच्या, पिशवीत काकडी लावायची. मातीचा संबंधच नको."

"माझ्या मातीवर प्लॅस्टिक घालायचं तर आधी माझ्यावर घाल!"

पिशवीवाल्याने टेप गुंडाळली. त्याला बहुधा अशा मोठ्या बहिणींची सवय असावी. तो म्हणाला, "तुमचं ठरलं की सांगा," आणि चहासुद्धा न घेता गेला.

पिशव्यांवर माझा राग नाही. लोक त्यात उत्तम काकडी काढतात, मी बघितलीय. पण माती आजारी पडली म्हणून तिच्या तोंडावर चादर ओढायची आणि पुढे निघायचं, हे मला जमेना. औषध न देताच पोहोचवायला निघालात, असं मी त्याला तोंडावर म्हटलं. तो म्हणाला, "मग दे तू औषध."

औषध आमच्या मागच्या खोलीत होतं. धाकट्याची मुलगी, माझी भाची, मातीतल्या जिवाणूंचं शास्त्र शिकून घरी आली होती, आणि तिने आमच्या जुन्या अडगळीच्या खोलीचा ताबा घेतला होता. काचेच्या झाकणाच्या बशा, एक सूक्ष्मदर्शक, आणि तिच्या आईचा जुना कुकर. त्या कुकरमध्ये ती बशा उकडायची, म्हणजे नको ते जंतू मरावेत आणि हवे तेच वाढावेत. त्या बशांत रंगीबेरंगी ठिपके उगवायचे. घरात तिचं नावच पडलं होतं बुरशी. "बुरशी, जेवायला ये." "बुरशी, फोन आलाय तुझा." तिलाही काही वाटायचं नाही त्याचं. बशांशी बोलत बसायची.

त्या संध्याकाळी तिने आम्हा दोघांना समोर बसवलं.

"माती मेलेली नाही, बाबा. उपाशी आहे. तुम्ही वर्षानुवर्षं टाकलेलं फॉस्फरस तिच्यात पडून आहे, पण कुलूप लागलंय त्याला, मुळांना मिळत नाही. ते कुलूप उघडणारे जिवाणू असतात. हवेतला नायट्रोजन धरून देणारे असतात. एक हिरवी बुरशी असते, ती मुळांभोवती राहते आणि रोगाच्या बुरशीला जवळ येऊ देत नाही. हे सगळे आपल्या मातीत होते, आता नावापुरते उरलेत. मी ते वाढवते, आपण मातीत सोडू."

"आणि ते चालेल?" धाकट्याने विचारलं.

"काही मातीत चालतं, काहीत नाही. खोटं कशाला बोलू? म्हणून तर करून बघायचं."

तिचं हेच मला आवडतं. जे माहीत आहे ते छातीठोक सांगते, जे नाही तेही छातीठोक सांगते.

तर करार असा ठरला. एक पीक. पॉलीहाऊसच्या मधल्या वाटेची डावी बाजू बुरशीची आणि माझी, उजवी धाकट्याची. रोपं तीच, खत तेवढंच, तेही आधीपेक्षा कमी. फरक एकच. रोज ऊन उतरलं की झारीने पाणी घालायचं, डावीकडे बुरशीच्या पिंपातलं जिवाणूंचं काळं, उजवीकडे साधं. डावी बाजू उजवीला सरळ सरळ मागे टाकेल तर माती राहील. नाही टाकली तर पिशवीवाला येईल, आणि मी तोंडातून ब्र काढणार नाही. मी तसा शब्द दिला. शब्द देताना मी मनातून घाबरले होते, पण ते चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. कारण मला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. माती झाकली तर ही पोरगी इथे कशासाठी थांबेल? पिशव्यांना सूक्ष्मदर्शक लागत नाही.

बुरशीने लगेच नियम घातला. एका बाजूचं माणूस दुसऱ्या बाजूला जाणार नाही. बूट वेगळे, खुरपी वेगळी, झाऱ्या वेगळ्या. "तुमच्या बुटाच्या मातीतून माझे जिवाणू तिकडे गेले तर सगळं मुसळ केरात," ती म्हणाली. मीही मान डोलावली. तिच्याच नियमाने तिचे हात बांधले जाणार आहेत, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात यायचं?

आता माझी जागा सांगते, कारण पुढे तिला महत्त्व आहे. दारातून आत आलं की उजव्या हाताला, धाकट्याच्या बाजूच्या पहिल्याच ओळीसमोर, माझी खुर्ची असते. पुढ्यात एक टेबल. त्यावर मी काकड्या निवडते, सरळ एकीकडे, वाकड्या दुसरीकडे. खुर्ची मधल्या वाटेवरच असल्यामुळे नियम मोडत नव्हता. तिथून मला सगळं पॉलीहाऊस दिसायचं, निदान वेली कमरेएवढ्या होत्या तोवर.

सुरुवातीला कुणाला काही फरक दिसेना. धाकटा शीळ घालत झारी फिरवायचा. मग हळूहळू डावीकडची पानं काळपट हिरवी दिसायला लागली, उजवीकडची फिकी. एका कडक दुपारी उजवीकडच्या वेलींनी माना टाकल्या आणि डावीकडच्या तशाच ताठ उभ्या. बुरशी काही बोलली नाही. मी बोलले. मी न बोलता राहीन असं कुणाला वाटतं?

"काय रे, तुझी बाजू झोपली का दुपारची?"

धाकट्याने माझ्याकडे बघितलंच नाही. तो त्या माना टाकलेल्या वेलींकडे बघत होता. त्या दिवसापासून त्याची शीळ बंद झाली. मला वाटलं, आला ताळ्यावर.

पण झालं भलतंच. वेली डोक्यावर गेल्या, पानांच्या भिंती झाल्या, दोन ओळींमध्ये हत्ती बांधला तरी दिसू नये अशा. आणि त्या भिंती दोन्हीकडे सारख्याच हिरव्या! उजवी बाजू सावरली. नुसती सावरली नाही, चांगली बाळसेदार झाली. फक्त माझ्या खुर्चीसमोरची ती पहिली ओळ तेवढी किरटी राहिली. तिच्याकडे बघून धाकटा म्हणायचा, "दाराचा वारा लागतो तिला." आम्हीही तेच धरून चाललो. रोज संध्याकाळी तो त्या ओळीला माझ्यासमोर झारी घालायचा. स्वच्छ, नितळ पाणी, अगदी दिसेल असं, सावकाश. मग दुसरी झारी घेऊन आत पानांत शिरायचा.

घरात तेवढ्यात दुसरीच कटकट सुरू झाली होती. मुंग्या. माझी भावजय, म्हणजे धाकट्याची बायको, रोज सकाळी त्याचे बूट अंगणात आपटायची.

"अहो, बुटात साखर घालून फिरता की काय? पँटच्या गोटांतसुद्धा मुंग्या! मी धुवायची तरी किती?"

"गवतातनं येतात," तो म्हणायचा.

"गवतातनं आमच्याही बुटात आल्या असत्या की," ती म्हणायची, पण त्याचं लक्ष नसायचं. ती बाई शांत स्वभावाची. माझ्यासारखी असती तर बूटच विहिरीत गेले असते.

शेवटची तोडणी झाली. भावजयीने दोन्ही बाजूंचे क्रेट काट्यावर चढवले. तिच्यावर दोघांचाही विश्वास, कारण ती आमच्यापैकी कुणालाच घाबरत नाही. वजन झालं आणि ती म्हणाली, "बरोबरी. उन्नीस-बीस."

बुरशी एकदम खाली बसली, क्रेटवरच. तिने आधी डाव्या बाजूकडे पाहिलं, मग उजव्या. "असं कसं?" ती पुटपुटली. "सुरुवातीला तर फरक होता. सगळ्यांनी बघितला."

"होता. आता नाही," धाकटा म्हणाला. "बरोबरी म्हणजे फरक नाही. फरक नाही म्हणजे तुझ्या जिवाणूंनी काही केलं नाही. करार तो करार."

आणि बघा, हे म्हणताना त्याच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद नव्हता. मी त्याला जिंकताना आयुष्यभर बघितलंय. कान लाल होतात, हनुवटी वर जाते. त्या दिवशी तो पायांकडे बघून बोलत होता. पण मी संतापाने इतकी आंधळी झाले होते की मला ते दिसूनही दिसलं नाही. शब्द दिलेला, त्यामुळे भांडायचीही सोय नव्हती. मी जाऊन माझ्या खुर्चीत बसले आणि वाकड्या काकड्यांपैकी एक घेऊन कराकरा खाल्ली. रडण्यापेक्षा ते बरं.

सकाळी पिशवीवाल्याचा ट्रक दारात. पांढऱ्या प्लॅस्टिकची भेंडोळी, त्यावर पिशव्यांचे गठ्ठे. दोन माणसं खाली उतरून वेली उपटायला हातमोजे घालत होती. बुरशी तिच्या खोलीतून एक छोटी काचेची बाटली घेऊन आली.

"बाबा, अंथरायच्या आधी तुमच्या बाजूची मूठभर माती घेते. पीक संपलं, आता आत गेलं तर चालेल. मला फक्त बघायचंय काय झालं ते."

"कशाला?"

"समजायला. हरले तर का हरले ते तरी कळेल."

"काही नको. माणसं खोळंबलीत."

"मूठभर, बाबा."

"नको म्हटलं ना!"

तो असा ओरडला की ट्रकवरचा माणूससुद्धा थांबला. माझा भाऊ मुलीवर कधी आवाज चढवत नाही. माझ्यावर चढवतो, तो भाग वेगळा. मी खुर्चीतून उठले. मूठभर मातीला नाही म्हणणारा माणूस मातीला घाबरतोय, एवढं कळायला शास्त्र शिकावं लागत नाही.

तेवढ्यात माझं लक्ष जमिनीवर गेलं. मुंग्यांची एक रांग, दोऱ्यासारखी सरळ, उजव्या बाजूच्या ओळींतून निघून मधली वाट ओलांडून मोटरच्या खोलीच्या दाराखालून आत चालली होती. मी रांगेमागे चालायला लागले.

"ताई, कुठे?" धाकटा.

"मुंग्यांच्या घरी. किल्ली दे."

"तिथे काय आहे? मोटर आहे."

"मोटर गोड असते का रे? किल्ली!"

त्याने खिशातून किल्ली काढली. हातात दिली नाही, टेबलावर ठेवली, आणि तो स्वतः खुर्चीवर बसला. माझ्या खुर्चीवर! मी दार उघडलं.

मोटरच्या मागे, खताच्या रिकाम्या गोण्यांनी झाकलेलं एक निळं पिंप होतं. गोण्या काढल्या. आंबूस-गोडसर वास आला. आत काळसर पाणी, वर बारीक फेस, आणि ढवळायला एक काठी, टोकापर्यंत काळी झालेली. शेजारी मळीचा डबा. मळी म्हणजे साखर काढून झाल्यावर उरतो तो काळा चिकट रस. बुरशी तिच्या जिवाणूंना तीच खायला घालते. डब्याला मुंग्या अशा लगडल्या होत्या की रंग दिसत नव्हता.

बुरशी माझ्या मागोमाग आली. तिने वाकून वास घेतला, बोटं बुडवून ती एकमेकांवर घासून पाहिली. मग वळून बापाकडे बघितलं.

"हे माझे आहेत."

धाकटा बुटावरची मुंगी झटकायला लागला.

"माझ्या पिंपातले नेलेत?"

"एकदाच," तो म्हणाला. "एक तांब्या. मग मीच वाढवले. तू ढवळतेस तसं ढवळलं, सकाळ-संध्याकाळ."

"कधीपासून?"

"त्या दुपारपासून. माना टाकल्या होत्या ना, तेव्हापासून."

 मला हसू आलं आणि हसता हसता राग आला, आणि दोन्ही एकदम आल्यावर माझं जे होतं ते झालं.

"अरे गाढवा! ती शर्यत होती का? तुझी बाजू मागे पडावी म्हणून तर ती ठेवली होती! मागे पडायचं एवढंच काम होतं तिचं!"

"मला काय माहीत नाही?" तो उसळून उठला. "सगळं माहीत आहे! पण माझ्या ओळी मागे आणि तू तिथे खुर्चीत बसून विचारणार, झोपली का दुपारची! मला नाही सहन झालं." मग त्याचा आवाज खाली आला. "आणि गेल्या वर्षी अशाच माना टाकल्या होत्या, ताई. अशाच. मग आपण त्या उपटल्या. औषध मागच्या खोलीत आहे, मला माहीत आहे, आणि मी त्यांना नुसतं पाणी पाजतोय. पंक्तीला बसवून एकाला वाढायचं आणि दुसऱ्याच्या ताटात काही नाही. माझ्याच्याने बघवेना."

मी पिंपावर परत गोणी ओढली.  

"मग काल का म्हणालात, फरक नाही?" बुरशीने विचारलं. आवाज शांत होता, पण डोळे भरलेले. "काल का नाही सांगितलं?"

"काय सांगू? तुझी आत्या जन्मभर ऐकवेल."

"ऐकवणारच," मी म्हटलं. "मग माती झाकली असतीस? माझं तोंड चुकवायला?"

त्याने ट्रककडे पाहिलं. "रात्रभर झोपलो नाही," तो म्हणाला.

पिशवीवाला दारात येऊन उभा होता. सगळं ऐकलं असणार, कारण आमच्या घरातलं बोलणं ऐकायला कान लावावा लागत नाही. तो म्हणाला, "साहेब, वाईट वाटून घेऊ नका, पण सारखंच आलंय असं तुम्हीच म्हणालात फोनवर. जिवाणूंनी आलं की मळीने आलं की तुमच्या मेहनतीने, कसं कळणार? दोन्हीकडे घातल्यावर तुलनेला उरलंय काय?"

माणूस धंद्याचा होता, पण बोलला मुद्द्याचं. बुरशीचा चेहराच पडला. धाकट्याने आपल्या बाजूलाही औषध घालून तिचा सगळा प्रयोगच पुसून टाकला होता. माझ्याही पायाखालची जमीन सरकली.

आणि मग बुरशी सावकाश वळली आणि माझ्या खुर्चीसमोर येऊन थांबली. त्या किरट्या ओळीसमोर.

"बाबा, हिला घातलं होतं?"

धाकट्याने मान हलवली. "हिला कसं घालणार? ताई समोर. काळं पाणी दिसलं असतं. हिला साधंच घातलं, रोज."

"एकदाही नाही?"

"आईशप्पथ नाही."

"म्हणजे दाराचा वारा नव्हता," ती म्हणाली. ती आता भरभर बोलायला लागली होती, लहान असताना बोलायची तशी. "वारा असता तर दाराजवळची माझी ओळही अशीच राहिली असती. ती बघा, छपराला टेकलीय! आत्या, खुरपं!"

तिने किरट्या ओळीतली एक वेल मुळासकट काढली. मग सरळ धाकट्याच्या पुढच्या, काळं पाणी प्यालेल्या ओळीतली एक. नियम संपले होते. दोन्हींची मुळं बादलीत धुऊन तिने टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. एकीची मुळं तोकडी, तपकिरी, गाठी आलेली, गेल्या वर्षी आम्ही जाळलेल्या वेलींसारखी. दुसरीला गाठी होत्या, नव्हत्या असं नाही, पण थोड्या, आणि भोवती पांढऱ्या मुळ्यांचं जावळ फुटलेलं, टेबलाच्या कडेवरून खाली लोंबेल एवढं.

"तीच माती," बुरशी म्हणाली. "तेच खत, त्याच हातांनी घातलेलं पाणी. मधे जेमतेम चार हात अंतर." मग तिने स्वतःलाच थोपवलं. "एका ओळीवरून सगळं सिद्ध होत नाही. मळीचा वाटा किती तेही बघायचंय. दोन्हीकडची माती बशीत घालते. हिरवी बुरशी तिकडच्या मातीत उगवली आणि हिच्यात नाही उगवली, तर अर्धं उत्तर मिळेल. उरलेलं पुढच्या पिकात."

पुढच्या पिकात, असं ती अगदी सहज म्हणाली. मी धाकट्याकडे बघितलं. तो त्या पांढऱ्या मुळ्यांवरून बोट फिरवत होता.

"हे मी केलं?" त्याने विचारलं.

"तुम्ही आणि त्यांनी," बुरशी म्हणाली. ती आत जाऊन पुन्हा निळ्या पिंपात डोकावून आली. "बाबा, खरं सांगू? फेस माझ्यापेक्षा चांगला आहे तुमच्या पिंपाला. काय करता तुम्ही?"

त्याचे कान लाल झाले. हनुवटी वर गेली. "रात्री थंडीत पोतं गुंडाळतो त्याच्याभोवती," तो म्हणाला, आणि पिशवीवाल्याकडे वळला. "न्या परत. येण्याजाण्याचं काय ते माझ्याकडे. माती ठेवतोय आम्ही."

ट्रक गेला. या वेळी पिशवीवाल्याने चहा घेतला, आणि जाताना बुरशीला बाजूला घेऊन हळूच विचारलं, पिशव्यांतही चालतात का हो हे तुमचे. ती म्हणाली, करून बघावं लागेल.

त्या आठवड्यात बशा उगवल्या. खुर्चीसमोरच्या ओळीची बशी जवळजवळ कोरी. धाकट्याच्या बाकीच्या ओळींच्या बशीत शिळ्या पावावर येते तशी हिरवीगार बुरशी. तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ती बशी दाखवत सुटला, नातवंडाचा फोटो दाखवावा तशी.

पण बुरशीने शिक्षा द्यायची ती दिलीच. पुढच्या पिकात सगळ्या पॉलीहाऊसला जिवाणू, फक्त त्या एका ओळीला नाही. तिला साधंच पाणी, शेवटच्या तोडणीपर्यंत. "कुणाशी तरी तुलना हवी," ती म्हणाली. "आणि हिला पाणी बाबा घालणार. दुसरं कुणी नाही."

"मीच का?"

"कारण लबाडी तुम्हीच करता."

मी त्याला माझी खुर्ची दिली. त्यात माझा मोठेपणा नाही, मला मजा बघायची होती. पहिल्या पहिल्यांदा मजा आलीही. तो रोज संध्याकाळी नितळ पाण्याची झारी आणायचा, खुर्चीत बसून त्या ओळीकडे बघत राहायचा, आणि मागे दुसऱ्या झारीत काळं पाणी तयार असायचं. हात तिकडे जायचा. मी खाकरले की परत यायचा. आजूबाजूच्या ओळी वर चढत गेल्या, ही मागे राहत गेली. मग एका तापलेल्या दुपारी तिने मान टाकली.

त्या संध्याकाळी तो झारी मांडीवर घेऊन नुसता बसून राहिला. मला चिडवायचं होतं, शब्द तोंडाशी आले होते. पण त्याचा चेहरा बघितला आणि ते गिळले.

"एक तांब्या घातला तर काय होईल गं, ताई?" तो म्हणाला. "पोरीला कळणारसुद्धा नाही."

"नाही कळणार," मी म्हटलं.

मी खाकरले नाही. तोंड फिरवून काकड्या निवडत राहिले, सरळ एकीकडे, वाकड्या दुसरीकडे. मागे खुर्ची वाजली. तो उठला, झारी उचलल्याचा आवाज आला, मग मातीवर पाणी पडल्याचा. बऱ्याच वेळाने मी वळून पाहिलं. ओळीखालची माती ओली होती. पाणी नितळ होतं. काळ्या पाण्याची झारी होती तिथेच, काठोकाठ भरलेली.

माझ्या भावाने आयुष्यात पहिल्यांदा एक ओळ हरू दिली. मी उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्या दिवशी मान्य करून टाकलं की हातगाड्या त्याने जास्त ओढल्या होत्या.